बाबांच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकायचं का?

ग्रुप: घरची मंडळी

बाबा: रोज कॉम्प्युटर लावला की विंडोज १० चा सपोर्ट संपल्याची सूचना येते. पुढे जायचं बटण दाबू का? माघी गणपतीच्या स्मरणिकेची सोळा पानं लावून झालीत, अजून चोवीस बाकी आहेत.

दादा: काही दाबू नका बाबा. रविवारी येतो आणि ११ टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम.

भावोजी: त्या मशीनवर ११ सरळ बसणार नाही. २०१४ ला लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेलं आहे ते, प्रोसेसर इंटेलचा चौथ्या पिढीचा. ११ ला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पण.

दादा: ती तपासणी टाळून टाकता येतं. आमच्या ऑफिसातल्या दोघांनी टाकलंय, व्यवस्थित चालतंय.

भावोजी: चालतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आपण बदलतोय तेच अपडेटसाठी ना?

ताई: मग नवीनच घेऊ या. तिघांत वाटून. स्क्रीनही मोठा येईल, बाबांच्या डोळ्यांना बरं.

मी: जरा थांबा. मी आज दुपारी गिरगावात बाबांकडेच होते, मशीन नीट बघून आले. तीन गोष्टी सांगते, मग ठरवा.

सेटिंगमध्ये सिस्टम टाइप ३२ बिट, म्हणजे विंडोजचा जुना प्रकार दाखवतंय. २०१६ मध्ये विंडोज ७ वरून १० मोफत घेतलं तेव्हा ३२ चं ३२ च राहिलं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ३२ वरून ६४ वर नुसतं अपग्रेड होत नाही. सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. दादा, हे अर्ध्या तासाचं काम नाही रे.

दुसरं, मशीनच्या मागे २५ पिनांच्या जुन्या प्रिंटर पोर्टला डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेला छोटा तुकडा लावलेला आहे. बाबांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय उघडत नाही. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो डोंगल ओळखायला लावणारा प्रोग्राम, ३२ बिटचा आहे आणि ६४ बिटचं विंडोज तो घेतच नाही. ज्यांनी सॉफ्टवेअर विकलं होतं त्यांना फोन केला. ते म्हणाले, या आवृत्तीचा नवा ड्रायव्हर नाही.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. डी ड्राइव्हमध्ये १९९८ पासूनच्या फाइली आहेत. मंडळाचे अहवाल, दोन दिवाळी अंक, आत्याच्या लग्नाची पत्रिकासुद्धा. एक फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडून बघितली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. कारण तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाही. जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो, कुठल्या तरी इंग्रजी अक्षराच्या जागी ‘क’ चं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसेल तर मजकूर वाचताच येत नाही.

दादा: मग यापुढे बाबांनी युनिकोडमध्ये टाइप करावं. फोनवर करतातच की.

बाबा: फोनवर एक बोट चालतं. इथे दहा चालतात. शिवाय मी पानं लावतो त्या पेजमेकर सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही.

वहिनी: बाबांच्या हाताची सवय मोडायला नको. स्मरणिका तर मुळीच अडकायला नको.

भाची: आजोबा, नव्या लॅपटॉपच्या आत जुनं विंडोज चालवता येतं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला.

मी: अगदी बरोबर सुचवलंस बाळा, मीही आधी तेच धरलं होतं. पण डोंगल त्या रुंद पोर्टचा आहे आणि आताच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. यूएसबीचा असता तर जमण्याची आशा होती.

ताई: म्हणजे आहे तसंच राहू द्यायचं? बाबा त्याच मशीनवरून पेन्शनचं खातं बघतात. मला तीच काळजी आहे.

मी: नाही ताई, आहे तसं अजिबात नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर १० च्या सुरक्षेत नवी फट सापडली तर ती आपोआप बुजवली जात नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा, फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्या फटीचा अपडेट मार्चमध्येच येऊन गेला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता आणि ज्यांची विंडोज सपोर्टबाहेर गेली होती, ती मशीनं सापडली. तेव्हा नेटला जोडलेल्या जुन्या विंडोजवर बँकेचा पासवर्ड टाकायचा नाही, यात तडजोड नको.

माझं म्हणणं असं की दोन कामं दोन मशीनवर न्यायची. बँक, मेल, वीजबिल नव्या लॅपटॉपवर. साधा चालेल, ११ आधीपासून असलेला. पेजमेकर आणि डोंगल जुन्यावरच, पण त्याची नेटची वायर काढून टाकायची. पीडीएफ पेनड्राइव्हने नव्या लॅपटॉपवर आणायची आणि तिथून प्रेसला मेल करायची. प्रेसमध्ये लावून आणलेला पेनड्राइव्ह मात्र जुन्या मशीनला पुन्हा लावायचा नाही. बाबा, हे तेवढं कटाक्षाने पाळा.

भावोजी: लॅपटॉप येईपर्यंत काय?

मी: तोवर वाढीव सुरक्षा अपडेटची सोय घेऊ. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती लागते, ती बाबांकडे आहे. अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक असते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप सुरू केला की पैसे पडत नाहीत. पण ही मुदतवाढच. तिच्या भरवशावर वर्ष काढू नका.

दादा: पटलं. लॅपटॉपचे निम्मे माझे. मी रविवारी येतोच आहे, काय काय करायचं सांग.

मी: आधी बॅकअप. अख्खा डी ड्राइव्ह दोन वेगवेगळ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. एक बाबांकडे, एक तुझ्याकडे ठाण्याला. फॉन्टचा फोल्डर आणि सॉफ्टवेअरची मूळ सीडीही त्यात घे. माझ्या क्लासचा कॉम्प्युटर एकाने ‘फॉरमॅट करून फास्ट करतो’ म्हणून नेला होता, आठवतंय ना? सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. तो परत आला त्या दिवशी मी रिकामा फोल्डर पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. बाबांच्या बाबतीत ते व्हायला नको.

बाबा: हार्ड डिस्क किती मोठी लागेल?

मी: तुमचं सगळं मिळून ६० जीबीसुद्धा नाही बाबा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं काम!

आणि एक काम फक्त तुम्हालाच जमणारं आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते चुका करतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचंही असंच, जागा बदलते. जोडाक्षरं तुटतात. कुठे काय असायला हवं हे ज्याने ते जुळवलं त्यालाच झटकन दिसणार. रोज दोन पानं तपासाल का? मशीन चालू आहे आणि तुमची नजर तयार आहे, तोवर करून घेऊ. मी १९९८ च्या अहवालाचं पहिलं पान बदलून तुम्हाला पाठवलंय.

ताई: हे छान होईल. मंडळालाही देता येईल पुढे.

वहिनी: माझी सुट्टी आहे रविवारी, मीही येते. बॅकअप होईपर्यंत मोठ्याने वाचायला कुणीतरी लागेलच.

बाबा: पान बघितलं. ‘कार्यकर्ते’ मध्ये दोन्ही रफार चुकलेत, ‘स्थानिक’ ची वेलांटी थाच्या डोक्यावर गेली आहे आणि तिसऱ्या ओळीत ‘द्ध’ फुटलाय. बाकी वाचता येतंय. दुसरं पान पाठव.