खिडकीच्या काचेवर चोच आपटणारा शिंजीर

प्रश्न (कोथरूड, पुणे)

आमच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत जास्वंद, सदाफुली आणि कुंडीतले एक डाळिंब आहे. फेब्रुवारी संपता संपता तेथे जांभळ्या शिंजिराची एक जोडी येऊ लागली. मादीने कपडे वाळत घालण्याच्या तारेला लोंबते घरटे विणायला घेतले असून दिवसभर ती कोळ्याची जाळी, वाळकी पाने आणि सालीचे तुकडे आणत असते. नर मात्र त्या कामाला चोचही लावत नाही. सकाळी साडेसहापासून तो निजण्याच्या खोलीच्या काचेवर चोच आपटत बसतो आणि आमची झोपमोड होते. नोव्हेंबरमध्ये याच जास्वंदीवर पोटाशी पिवळा आणि गळ्यापासून खाली काळी रेघ असलेला पक्षी येत असे. तो निराळ्या जातीचा होता काय? शिवाय या जोडीसाठी साखरपाणी टांगावे का?

उत्तर (डोंबिवली)

काचेत त्याला दुसरा नर दिसतो आणि आपल्या हद्दीत घुसलेल्या त्या परक्याला तो हाकलू पाहतो. खिडकीला आतून पडदा लावला तर काच उलट अधिक आरशासारखी होते, म्हणून काचेच्या बाहेरच्या बाजूला वर्तमानपत्र चिकटवावे. नराला आळशी ठरवण्याची घाई मात्र करू नये. या जातीत घरटे बांधणे आणि अंडी उबवणे ही कामे मादीच करते, पण पिल्ले बाहेर आली की नरही त्यांना भरवतो. अंडी बहुधा दोन असतात आणि ती फुटायला 15 ते 17 दिवस लागतात. तोपर्यंत त्या तारेवर कपडे वाळत घालू नयेत, ही विनंती.

उत्तर (नागपूर)

नोव्हेंबरमधला पक्षी हा जांभळा शिंजीरच होता. विणीचा हंगाम सरला की नर आपली चकचकीत काळी-निळी पिसे टाकून मादीसारखा फिका होतो आणि ओळख म्हणून ती काळी रेघ तेवढी उरते. पंचरंगी शिंजिराचा नर मात्र वर्षभर एकाच वेषात राहतो. सध्या नर गात असताना त्याच्या पंखांखाली लक्ष द्यावे: मादीसमोर मिरवताना तो काखेतले पिवळे-केशरी झुबके फुलवतो आणि एरवी ते झाकलेले असतात. जास्वंदीची फुलेही उलटून पाहावीत. पाकळ्यांच्या बुडाशी बारीक छिद्र आढळले, तर शिंजिराने समोरून न शिरता मागूनच मध चोरला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी त्याच्या कपाळाला पराग लागत नाही, म्हणजे झाडाच्या दृष्टीने हा निव्वळ फुकट्या पाहुणा.

उत्तर (रत्नागिरी)

साखरपाण्याच्या मी विरोधात आहे. उन्हात ते लवकर आंबते, त्यावर बुरशी धरते, आणि पिल्लांच्या वाढीला साखर नव्हे तर कोळी आणि किडे लागतात. त्यामुळे गॅलरीच्या कोपऱ्यातली जाळी झाडून न काढणे हीच खरी मदत ठरेल. घरट्याला तोच धागा लागतो आणि त्यातला कोळी पिल्लांच्या तोंडी जातो. आमच्या अंगणातल्या आंब्यावर बांडगूळ आहे आणि ते काढून टाकावे असे घरचे दरवर्षी म्हणतात, परंतु त्याच्या नारिंगी नळीदार फुलांवर शिंजिरांची जी झुंबड उडते ती पाहून मी ते काम दरवर्षी पुढे ढकलतो.

प्रश्नकर्त्याकडून (कोथरूड)

सर्वांचे आभार. वर्तमानपत्र लावल्यावर दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी नर खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या आरशाशी भांडताना आढळला, म्हणून आरशावर जुना मोजा चढवला आहे. मादी आता घरट्यात बसलेली असते. दाराच्या छोट्या छपराखालून तिची वाकडी चोच तेवढी बाहेर दिसते आणि आम्ही गॅलरीत पाऊल टाकले तरी ती हलत नाही.