मदत हवी आहे: कचरा नेणाऱ्या ताईंना भाऊबीजेची सुट्टी

नमस्कार मंडळी, कोथरूडला आमची ३२ घरांची सोसायटी आहे. 'स्वच्छ'च्या एक ताई रोज सकाळी दारात येऊन कचरा नेतात. ('स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था, २००८ पासून पुण्यात घरोघरी काम करते.) दिवाळीत त्यांचं काम दुप्पट होतं. मिठाईचे खोके, फटाक्यांचे कागद, फुटक्या पणत्या. गेल्या वर्षी पाडव्याला त्यांच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. पणतीचा तुकडा लागला होता. कुणीतरी तो ओल्या कचऱ्यात तसाच टाकलेला. मला फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी सहज विचारलं, "ताई, भाऊबीजेला माहेरी जाणार ना?" त्या म्हणाल्या, "कचरा कोण नेणार मग?"

यंदा त्यांना भाऊबीजेची सुट्टी द्यायची आहे, त्या दिवसाचे पैसे न कापता. तुमच्यापैकी कुणाच्या सोसायटीत असं केलंय का? सुका कचरा घरात राहील, पण ओल्याचं काय केलंत? दुसऱ्या दिवशी सगळा भार त्यांच्यावरच पडला, तर सुट्टीला अर्थ नाही. आमच्याकडे कंपोस्टचा खड्डा नाही.

आणि फराळाचं सुचवा. सगळ्या घरांतून लाडू-चिवडाच जातो, तोही बऱ्याचदा दिवाळी संपल्यावर, मऊ पडलेला. आम्ही वसुबारसेलाच द्यायचं म्हणतोय. सोबत उटणं-तेल आणि साडीऐवजी रोख भाऊबीज दिली तर त्यांना अवघडल्यासारखं होईल का? कृपया अनुभव सांगा, रविवारी सोसायटीची मीटिंग आहे.