प्रतिसाद: गळक्या स्लॅबबद्दल

जुन्या सरकारी इमारतीचा स्लॅब गळत असेल तर त्यावर पुन्हा वॉटरप्रूफिंग करून घ्या, असा सल्ला इथे कुणी दिला आहे; तो मला पटत नाही. अशा इमारतीचा सपाट स्लॅब वर्षानुवर्षं तुंबलेलं पाणी पिऊन बसलेला असतो. टेक्सासमधल्या मार्फा गावी डोनाल्ड जड या शिल्पकाराने लष्कराच्या ओस पडलेल्या दोन तोफखाना शेड घेतल्या, तेव्हा त्यांचीही सपाट छतं गळतच होती. त्याने ती पाडली नाहीत. त्यांच्यावरच नालीदार गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं कमानदार छप्पर चढवलं, त्यामुळे इमारतीची उंचीच दुप्पट झाली. आत त्याची शिल्पं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या १०० पेट्या, आजही आहेत.

आमच्या गावातली बंद पडलेली शाळाखोली मी सुतारकामासाठी भाड्याने घेतली, तेव्हा आधी तीन पावसाळे डांबर आणि केमिकलवर पैसे घालवले. सागाच्या फळ्या फुगल्या, रंधा गंजला, जीव हळहळला. शेवटी स्लॅबवर लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) उभ्या करून उताराचे पत्रे टाकले. गळती थांबलीच, शिवाय पत्रा आणि स्लॅब यांच्यामधून वारा खेळतो, त्यामुळे मे महिन्यातही दुपारी काम करता येतं. फक्त कैच्यांचे पाय भिंतीच्या डोक्यावरच येऊ द्या, स्लॅबच्या मधोमध नकोत.