एचटीएमएलमधून विदा काढण्यासाठी रेगेक्स वापरावे काय?

जालकोळी:
बाजारभावांच्या पानांतून दर काढण्यासाठी अनेकजण थेट एचटीएमएलवर (जालपानाची मांडणी सांगणाऱ्या मजकुरावर) रेगेक्स, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणारी सूत्रे, चालवतात, आणि ते टाळावे असे माझे ठाम मत आहे. टॅगांच्या (कोनी कंसांतल्या खुणांच्या) पोटात टॅग कितीही खोलवर असू शकतात, पण रेगेक्स ज्यांवर उभे आहे त्या, गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या नियमित भाषांमध्ये अशी अमर्याद खोली मोजण्याची सोयच नाही. त्यातच मानकानुसार परिच्छेदाचा किंवा तक्त्यातील कप्प्याचा शेवटचा टॅग अनेकदा गाळता येतो, गुणधर्मांचा क्रम बदलता येतो आणि त्यांच्या मूल्यांभोवती अवतरणचिन्हे नसली तरी चालते. ब्युटिफुल सूपसारखा पार्सर (टॅगांची रचना समजून पान वाचणारी आज्ञावली) हाताशी असताना हा खटाटोप कशासाठी?

तर्कटी:
सिद्धान्त मान्य आहे, मात्र तो इथे लागू होत नाही. टॅग ओळखणे आणि टॅगांच्या जोड्या लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. मला केवळ ‘कमाल दर’ या शब्दांनंतरचा आकडा हवा असेल, आणि हजारो पाने एकाच साच्यातून निघालेली असतील, तर पार्सरने प्रत्येक पानातल्या टॅगांचा पूर्ण वृक्ष उभारणे हा वेळेचा अपव्यय आहे. शिवाय संकेतस्थळाने क्लासचे (टॅगाला दिलेल्या गटाचे) नाव बदलले की तुमचा सिलेक्टरही, म्हणजे त्या नावावरून पानातला भाग निवडणारे सूत्रही, निकामी होतोच.

जालकोळी:
निकामी होतो, पण बहुधा हाती काहीच देत नाही, त्यामुळे बिघाड लगेच कळतो. ‘काहीही चालेल’ अशा ढिल्या नमुन्याचे तसे नाही: कोल्हापूरचा कप्पा रिकामा असला तर तो पुढच्या ओळीत शिरून सांगलीचा दर कोल्हापूरच्या नावावर खुशाल नोंदवतो, आणि आकडा संभाव्य दिसत असल्याने कोणालाही शंका येत नाही.

अक्षरवेडा:
पार्सरने मजकूर सुटा करून दिल्यावरही रेगेक्स लागतेच, आणि मराठी पानांची खरी अडचण तिथे सुरू होते. पायथन या संगणकीय भाषेत रेगेक्समधले अंकांचे चिन्ह (\d) देवनागरी अंकही ओळखते, जावास्क्रिप्ट या भाषेत मात्र ते फक्त 0 ते 9 या इंग्रजी अंकांपुरते आहे. पायथनच्या अंगभूत मॉड्यूलमध्ये शब्दातल्या अक्षरांचे चिन्ह (\w) काना-मात्रांवर तुटते, म्हणून ‘कांदा’ अखंड हाती येत नाही. (या वादात हा मुद्दा क्वचितच निघतो.)

तर्कटी:
जालकोळी, तुमचा आक्षेप ढिल्या नमुन्यावर आहे, रेगेक्सवर नाही. ‘कोनी कंसाखेरीज काहीही’ असे लिहून लगेच कप्प्याचा शेवटचा टॅग मागितला, तर नमुना पुढच्या ओळीत जाऊच शकत नाही. कप्प्यात ठळक अक्षरांचा टॅग आला तर तो जुळणार नाही, हे खरे. पण तेव्हा तोही तुमच्या सिलेक्टरप्रमाणेच रिकाम्या हाताने परततो.