किताब ‘नामशेष’ झाला की ‘खालसा’?

पानसुपारी : लॉर्ड कर्झनच्या घराण्यावरचा मजकूर मराठीत आणतेय. मार्च १९२५ मध्ये तो वारला, मुलगा नव्हता, म्हणून ‘मार्क्वेस’ आणि ‘अर्ल’ हे दोन्ही किताब त्याच्याबरोबर संपले. मी ‘नामशेष झाले’ लिहिलं. तपासणाऱ्या बाई म्हणतात, नामशेष म्हणजे नाव तेवढं उरलेलं. इथे तर नावच गेलं! आता काय लिहू?

सातारकर : ‘खालसा झाले’. १८४८ साली आमचं राज्य गेलं तेव्हा हाच शब्द होता.

खवट_आजोबा : खालसा करणारा कुणीतरी लागतो. साताऱ्याला दत्तक होता, तो डलहौसीने मानला नाही. इथे कुणी काही केलंच नाही. बाय द वे, डलहौसीलाही मुलगा नव्हता. १८६० साली तो गेला आणि त्याचंही मार्क्वेसपद तिथेच संपलं.

सातारकर : फिटंफाट!

टाकबहाद्दर : ‘खालसा’ मुळात ‘खाली’वरून ना? रिकामं झालेलं?

खवट_आजोबा : नाही हो. अरबी ‘खालिस’, म्हणजे निव्वळ. मध्ये जहागीरदार नाही, निव्वळ सरकारी.

शुद्धमती : ‘लोप पावले’ हा स्वच्छ मराठी शब्द असताना हे अरबी-फारसी कशाला?

टाकबहाद्दर : ‘किताब’ही अरबीच आहे, ताई. ‘निर्वंश’ लिहा.

पानसुपारी : तीन मुली होत्या त्याला! शिवाय आमच्याकडे ती शिवी आहे. ‘रेव्हन्सडेल’ची बॅरनकी तर थोरल्या आयरीनलाच मिळाली, सनदेत तशी सोय होती. ‘स्कार्सडेल’चं व्हायकाउंटपद आणि केडलस्टनचा वाडा पुतण्याकडे. एकाच माणसाच्या किताबांना तीन वाटा.

खवट_आजोबा : ‘लोप’ राखून ठेवा. वारस असेल पण सापडत नाही, अशा किताबाला तो शोभेल. काही जुन्या बॅरनक्या मुलगा नसला की बहिणी-बहिणींत अडकतात, त्यांना ‘तहकूब’. कर्झनचं सरळ ‘बुडाले’. आमच्या घरी वतन गेलं तेव्हा आजी ‘वतन बुडालं’च म्हणायची.

शुद्धमती : बुडतं ते कर्ज.

टाकबहाद्दर : पण आयरीनला काय म्हणायचं? बॅरनीण?

सातारकर : पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. आयरीनने तर लग्नच केलं नाही.

टाकबहाद्दर : मग डॉक्टरीणबाई कुणाच्या बायका असतात?