क्रायटन नुसता कारागीर होता?

रात्रपाळी: ब्रिटिश चित्रपट-दिग्दर्शक चार्ल्स क्रायटनवरच्या कालच्या चर्चेत एकाने लिहिलंय, 'त्याचा लॅव्हेंडर हिल मॉब पटकथाकार क्लार्कने लिहिला, अ फिश कॉल्ड वांडा (१९८८) जॉन क्लीझने. क्रायटन नुसता कारागीर.' राहवलं नाही. हा माणूस मुळात संकलक. 'द थीफ ऑफ बगदाद' (१९४०) त्याच्याच कात्रीखालून गेलाय. 'लॅव्हेंडर हिल'मधला (१९५१) आयफेल टॉवरचा गोल जिना आठवा. चोरलेलं सोनं ओतून केलेले छोटे टॉवर शाळकरी मुलींनी विकत घेतलेत आणि ॲलेक गिनेस नि स्टॅनली हॉलोवे त्यांच्यामागे गरगरत उतरताहेत. 'धावत उतरतात' एवढं लेखक लिहील. आपल्याला चक्कर येते ती दिग्दर्शकामुळे. माझे वडील ३० वर्षं संकलनाच्या टेबलावर बसले, एकाही पोस्टरवर नाव नाही. 'कारागीर' हा शब्द असा फेकलेला मला चालत नाही.

पाटीपेन्सिल: वडिलांबद्दल आदर आहे, पण मुद्दा तो नाही. एवढा मोठा होता, तर १९६५ ते १९८८ एकही चित्रपट का आला नाही?

रात्रपाळी: कारण तो जिथे चित्रपट करायचा तो ईलिंग स्टुडिओ १९५५मध्ये बीबीसीला विकला गेला, त्याचं घरच गेलं! 'बर्डमॅन ऑफ अल्कट्राझ' हा चित्रपटही हातचा गेला. मग टीव्ही मालिका केल्या. वांडा आला तेव्हा वय ७७. दिग्दर्शनाचं ऑस्कर नामांकन उगाच मिळतं का?

पाटीपेन्सिल: बरं, नामांकनाचं मान्य. तेवढंच.

अडखळ: तुम्ही वांडाचं कौतुक करताय, मला तो बघवत नाही. शाळेत हजेरीला माझं 'हजर' 'ह'वरच अडायचं. बाई नुसत्या बघत राहायच्या, वर्ग खिदळायचा. वांडात ऑटो अडखळत बोलणाऱ्या केनची नक्कल करतो तेव्हा थिएटरात तेच हसू ऐकू आलं.

पाटीपेन्सिल: पण मूर्ख ऑटोच ठरतो ना? केनचं काम करणाऱ्या मायकेल पेलिनचे वडील स्वतः तोतरे होते. लंडनमध्ये अशा मुलांसाठी १९९३पासून पेलिनच्या नावाचं केंद्र आहे.

अडखळ: केंद्राबद्दल एक अक्षर वाईट बोलणार नाही. पण ऑटोवर रोडरोलर घातल्याबरोबर केन घडाघडा बोलायला लागतो! सूड उगवला की वाचा मोकळी होते? मी सातवीत एकाला बदडला होता. दुसऱ्या दिवशी 'ह' तिथेच अडला.

रात्रपाळी: यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण हॉटेलचं नाव सांगताना केन अडकतो, तो प्रसंग बघा. क्रायटन घाई करत नाही. समोर ऐकणाऱ्या आर्चीला थांबावं लागतं, आपल्यालाही.

अडखळ: तेवढा प्रसंग पुन्हा बघेन. शेवट पटणार नाही. आणि पाटीपेन्सिल, 'तोतरे' नको. 'अडखळत बोलायचे' म्हणा.