शब्दचर्चा : ‘सॅम्पल साइझ’ म्हणजे नमुन्याचा आकार, नमुनासंख्या की आणखी काही?

प्रश्न :
लॅब टेक्निशियनच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. रक्ताच्या रिपोर्टवर निकालाशेजारी ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते, ती कशी ठरते यावर एक धडा आहे. त्यात ‘सॅम्पल साइझ किमान १२० हवी’ असं वाक्य येतं. मी ‘नमुन्याचा आकार १२०’ लिहिलं, तर एका विद्यार्थिनीनं विचारलं, “१२० काय, मिली?” दुसरा शब्द सुचवाल का? आणि ‘नॉर्मल रेंज’ला ‘सामान्य मर्यादा’ चालेल?

प्रतिसाद :
‘आकार’ नकोच. मराठीत आकार म्हटलं की आधी घडण डोळ्यांसमोर येते, नाहीतर वीजबिलातला ‘स्थिर आकार’. ‘नमुनासंख्या’ लिहा, सुटसुटीत आहे.

प्रतिसाद :
सुटसुटीत आहे, पण लॅबमध्ये घोटाळा होईल. तिथे नमुना म्हणजे नळीतलं रक्त. एकाच माणसाचं उपाशीपोटी आणि जेवणानंतर रक्त घेतलं की नमुने दोन, माणूस एकच. संख्याशास्त्रात मात्र निवडलेली सगळी माणसं मिळून एक नमुना होतो. म्हणजे ‘नमुनासंख्या १२०’ हे वाचून कुणी साठ जणांचं दोनदा रक्त घेईल आणि काम झालं म्हणेल. ‘वानगी’ हा छान जुना शब्द होता, पण आता तो ‘वानगीदाखल’पुरताच उरलाय.

प्रश्नकर्ती :
हे पटलं. पण १२०च का, हेही मला नीट सांगता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, मग तीस-चाळीस जण का पुरत नाहीत?

प्रतिसाद :
ताई, ती म्हण सरासरीला लागू पडते. इथे सरासरी नकोच आहे, कडा हव्या आहेत. निरोगी माणसांची मूल्यं चढत्या क्रमानं लावायची, खालचे अडीच आणि वरचे अडीच टक्के सोडायचे, मधले ९५ टक्के म्हणजे तुमची रेंज. ३९ माणसं घेतली तर सगळ्यात लहान मूल्य हीच खालची सीमा ठरते. त्या एका माणसाला लपलेला आजार असेल तर सीमाच चुकली. १२० घेतली की खालची सीमा तिसऱ्या मूल्यावर येते, आणि खरी सीमा पहिल्या ते सातव्या मूल्याच्या दरम्यान आहे असं ९० टक्के खात्रीनं म्हणता येतं. याहून कमी माणसं असली तर, मूल्यं कशी पसरली आहेत याबद्दल काही गृहीत न धरता, तेवढ्या खात्रीचा पट्टा आखायला खाली मूल्यच उरत नाही. वैद्यकीय लॅबसाठी मार्गदर्शिका काढणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शिकेतला १२०चा आकडा इथून येतो. लोकसंख्या एक लाख आहे की दहा कोटी, याचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरं म्हणजे, हे १२० एका गटाचे. हिमोग्लोबिन स्त्री-पुरुषांत वेगळं असतं, म्हणून १२० स्त्रिया आणि १२० पुरुष. लहान मुलांत वयोगट पाडले की प्रत्येक गटाला पुन्हा तितकेच. आणि नळीतल्या रक्तपेशी फुटल्यामुळे चार निकाल बाद झाले तर ११६वर थांबायचं नाही, आणखी माणसं शोधायची. म्हणून माझं मत : शब्दात ‘व्यक्ती’ आलीच पाहिजे. ‘व्यक्तिसंख्या’ लिहा.

प्रतिसाद :
‘सामान्य मर्यादा’बद्दल. ‘सामान्य’मध्ये ‘नेहमी आढळणारं’ आणि ‘ठीक असलेलं’ हे दोन्ही अर्थ आहेत, आणि इथे ते घातक आहे. आपल्याकडे लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया इतका सर्रास आहे की भेटेल त्या स्त्रीला अभ्यासात घेतलं तर खालची सीमा घसरते आणि आजारी बाईला रिपोर्ट ‘सामान्य’ ठरवतो. तिचा थकवा मग कुणी मनावर घेत नाही. अशी निवड असेल तर १२० काय, १२ हजार घेऊनही उपयोग नाही. उलट बाजूनंही पाहा : निरोगी माणसांतली पाच टक्के व्याख्येनंच रेंजबाहेर पडतात, त्यांना ‘असामान्य’ म्हणून उगाच घाबरवायचं का? ‘नॉर्मल’ सोडून ‘संदर्भमूल्य’ म्हणावं, असं फिनलंडचे वैद्यकीय रसायनतज्ज्ञ राल्फ ग्रेसबेक आणि साथीदारांनी १९६९च्या सुमारास सुचवलं होतं. मराठीतही ‘संदर्भमर्यादा’ लिहावं.

प्रतिसाद :
फक्त ‘मानक’ लिहू नका, तो वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे बालवाढीचे तक्ते मानक आहेत : दिल्ली, ऑस्लो, मस्कत धरून सहा ठिकाणच्या, स्तनपान मिळालेल्या आणि अनुकूल परिस्थितीतल्या मुलांवरून मूल कसं वाढायला हवं ते सांगणारे. संदर्भ काय आढळलं ते सांगतो.

प्रश्नकर्ती :
मग वाक्य असं करते : ‘संदर्भमर्यादा ठरवण्यासाठी प्रत्येक गटात किमान १२० निरोगी व्यक्ती हव्यात.’ ‘साइझ’ची गरजच पडली नाही.

प्रतिसाद :
उत्तम. त्याखाली एक ओळ जोडा : दुसऱ्या लॅबची मर्यादा आपल्याकडे लागू पडते का, हे पाहायला २० व्यक्ती पुरतात, त्यांतल्या दोनपेक्षा जास्त बाहेर पडता कामा नयेत. पण त्याला ‘ठरवणं’ म्हणू नका, ‘पडताळणी’ म्हणा. लहान लॅब नेहमी हेच करतात, आणि तुमच्या विद्यार्थ्यांना बहुधा हेच करावं लागेल.